थांबा, फिरू द्या

कोनाळे सर कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे आणि मग नमस्कार करायचे. हात म्हणजे तळवा नव्हे, हाताची मागची बाजू. पोराचा ताप बघताना आई लावते तशी. एक भिंत झाली की समोरची. मग कुठं बसायचं ते ठरवायचे. यजमानानं पुढं केलेली खुर्ची त्यांनी निमूटपणे उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, हे गृहस्थ घर विकत घ्यायला आलेत. त्या संध्याकाळपर्यंत माझ्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

नांदेडच्या बाहेर, गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते आणि सर उष्णता शिकवत होते. कॉलेज इंजिनिअरिंगचं. तिथं इंग्रजीच्या बाईंना काही काम नसतं असा सगळ्यांचा समज होता आणि तो फारसा चुकीचा नव्हता. त्यामुळे कुणाचा अर्ज, कुणाचं स्वागतपर भाषण, कुणाच्या मुलीच्या स्थळाला पाठवायची माहिती, सगळं तपासायला माझ्याकडे यायचं. सरांचा प्रबंधही तसाच आला, कापडी पिशवीतून, खाली ज्वारीचे चार दाणे घेऊन.

मी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, “सर, हे साध्या भाषेत काय आहे?”

“बंद पेटी. तिच्या आत हवा. पेटीची एक भिंत गरम, समोरची गार. गरम भिंतीजवळची हवा हलकी होऊन वर जाती, गार भिंतीजवळची जड होऊन खाली येती. कुनी पंखा न लावता हवा आपली आपन फिरत राहती.”

“एवढंच?”

“एवढंच. पन मी भिंती बदलतो. गरम असती ती गार करतो, गार असती ती गरम करतो. मग हवा काय करती ते बघतो.”

“काय करते?”

“गोंधळती,” सर म्हणाले.

प्रबंधात त्यांनी इंग्रजीतही तसंच लिहिलं होतं, की हवा काही काळ गोंधळते. मी ते खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. मी म्हटलं, शास्त्रीय लेखनात हवा गोंधळत नसते. ते म्हणाले, “बाई, तुमी एकदा येऊन बगा.”

प्रयोगशाळेच्या एका टोकाला ती पेटी होती. दोन बाजूंना अॅल्युमिनियमचे जाड पत्रे, पुढं काच, बाकी सगळीकडून थर्माकोल. सरांनी खालच्या भोकातून उदबत्तीचा धूर आत सोडला, भोक बंद केलं, आणि डावीकडच्या पत्र्यामागची कॉइल सुरू केली. थोड्या वेळानं धूर डाव्या भिंतीनं वर चढला, छताशी सरकत उजवीकडे गेला, उजव्या भिंतीनं खाली उतरला आणि तळाशी परत डावीकडे आला. बघायला फार छान वाटत होतं. मग सरांनी डावी कॉइल बंद केली आणि उजवी लावली. मला वाटलं, धूर आता उलटा फिरेल. तो फिरला नाही. जुन्याच वाटेनं हळूहळू जात राहिला, मग मंदावला, मध्येच त्याचे तीन तुकडे झाले, एक तुकडा इकडे, एक तिकडे, मधला तिथंच उभा. मी म्हटलं, “बिघडलं वाटतं.”

“थांबा,” सर म्हणाले. “फिरू द्या.”

आणि बऱ्याच वेळानं तो उलटा फिरू लागला. मी माझी दुरुस्ती खोडली आणि हवेला गोंधळू दिलं.

‘थांबा, फिरू द्या’ हे त्यांचं वाक्य. पोरांना उत्तर येईना की हे वाक्य. स्टाफरूममध्ये दोघांचं वाजलं की हे वाक्य. चहा आला तरी हेच, कारण कपातला चहासुद्धा त्यांच्या मते कडेला आणि मध्ये वेगवेगळा असे. घरी त्यांच्या पत्नी, गिरिजावहिनी, पाहुण्यांच्या देखत सांगायच्या, “आमचं लग्न ठरताना ह्यांना विचारलं, मुलगी पसंत हाय का? हे म्हनले थांबा. माझा बाप उठूनच चालला होता.” वहिनींची दुसरी तक्रार उदबत्त्यांची होती. सर लिंगायत, रोज पहाटे भस्म लावून गळ्यातल्या लिंगाची पूजा नेमानं करणारे. पूजेसाठी आणलेला उदबत्तीचा पुडा निम्मा कॉलेजात जाई. वहिनी म्हणायच्या, देव बिचारा बिनवासाचा बसून राहिला, आणि ती पेटी मात्र घमघमून राहिली. प्रयोगशाळेचा शिपाईही शेवटी त्याच निष्कर्षाला आला असावा, कारण एका खंडेनवमीला इतर यंत्रांना नुसतं हळदकुंकू आणि या पेटीला हार आणि नारळ होता. सरांनी हार काढला. काचेवरचं कुंकू मात्र बरेच दिवस राहिलं, धूर दिसायला तेवढीच अडचण.

आता ही भिंती बदलायची कल्पना सरांची स्वतःची असती तर गोष्ट वेगळी. मूळ विषय स्थिर तापमानाच्या भिंतींचा होता. दूरच्या मोठ्या शहरातल्या मार्गदर्शकांनी तो दिलेला. त्या शहरात लाइट जात नसावी. नांदेडला प्रयोग रंगात आला की लाइट जायची, गरम भिंत गार व्हायची आणि आतली हवा सगळं सोडून भलतीकडे निघायची. सरांनी जनरेटर मागितला, तो मिळाला नाही. उलट दुष्काळात पाण्याचा टँकर येईना म्हणून गार भिंतीमागं फिरवायचं पाणीही बंद झालं. विष्णुपुरीला नदीवर भलं मोठं धरण बांधायचं काम चाललेलं दिसायचं, आणि आमच्या वसतिगृहातली पोरं तांब्याभर पाण्यात तोंड धुवायची. शेवटी सरांनी मार्गदर्शकांना कळवलं की स्थिर तापमानाची भिंत मराठवाड्यात उपलब्ध नाही, सबब विषय बदलावा.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. उस्मानाबाद मोडून नवा जिल्हा, नवी कचेरी, नव्या पाट्या. सर उदगीरकडचे. त्यांचे थोरले भाऊ बसअप्पा उदगिरात भुसाराचा व्यापार करत, आणि जिल्हा व्हायचाच होता तर तो उदगीर व्हायला हवा होता असं त्यांचं ठाम मत होतं. ते नांदेडला आले की दिवसभर हेच. लोक अजून कागद घेऊन उस्मानाबादला जातात, तिथून त्यांना लातूरला पाठवतात, लातूरचे म्हणतात अजून इकडं आलंच नाही. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “अण्णा, भिंत बदलली. हवेला कळायला टाइम लागतो.” बसअप्पा माझ्याकडे वळून म्हणायचे, “बाई, ह्याला तुमी इंग्रजी शिकवा. मराठीत ह्याचं काई समजत न्हाई.”

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. मग एकदा, लाइट गेलेली असताना, बंद पेटीसमोर बसून सरांनी मला मारोतीच्या बापाची गोष्ट सांगितली.

उदगीरच्या अलीकडे त्यांचं गाव. गावात कोनाळ्यांची पेवं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, पोटात रुंद आणि तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल इतकी अरुंद कोठी. कडेनं कडबा लावून आत ज्वारी भरायची, तोंडावर फरशी टाकून मातीनं लिंपून टाकायची. वर्षानुवर्षं ज्वारी आत राहते. पण दाणाही श्वास घेतो आणि बंद पेवातली हवा विषारी होते. म्हणून पेव उघडलं की आधी कंदील सोडून बघतात. विझला तर माणूस उतरत नाही. मागच्या मोठ्या दुष्काळात कोनाळ्यांचं पेव उघडलं ते भर दुपारी. लोक पिशव्या घेऊन उभे होते. कंदील विझला, घोंगड्यांनी वारा घातला, मग कंदील जळला. सोनकांबळे नावाचा म्हातारा गडी नेहमीप्रमाणे उतरला. ज्वारी उपसत खाली गेला आणि वर आला नाही. त्याला काढायला गेलेला दुसरा माणूस कसाबसा वाचला.

“मी तेव्हा पॉलिटेक्निकात हेच शिकवीत होतो,” सर म्हणाले. “गरम हवा वर, गार हवा खाली. सुट्टीवर गेलतो गावाकडं. पेवाच्या तोंडाशी उभा होतो. मला काईच सुचलं न्हाई.”

मारोती हा त्या म्हाताऱ्याचा मुलगा, सरांचा चौथीपर्यंतचा वर्गबंधू. बापानंतर पेवात तोच उतरू लागला.

मला त्या दिवशी सरांच्या समोर बसवेना. लाइट आली, पेटीचा दिवा लागला आणि सर उठून भिंतीला हात लावून बघू लागले.

त्यानंतरच्या माघात बसअप्पांनी गावचं पेव उघडायचं ठरवलं. खरीप गेलं होतं, रब्बी उगवून जळली होती. पेवात चांगल्या वर्षाची ज्वारी होती ती गावाला वाटायची, असं बसअप्पांनी चावडीवर सांगून टाकलं. माणूस बोलायला तिखट, पण देताना हात आखडणारा नव्हता. नव्या जिल्ह्याचे एक साहेबही वाटप बघायला येणार होते. सरांना पेवाच्या आत तापमान मोजायचं होतं, तो त्यांच्या प्रबंधाचा शेवटचा भाग. मला माहेरी मुखेडला जायचंच होतं, तर म्हणाले, आधी तसंच पुढं आमच्या गावापर्यंत चला, वहिनींना सोबत होईल. तर सर, वहिनी आणि थर्मामीटरांचं गाठोडं मांडीवर घेतलेली मी, असे आम्ही एसटीनं निघालो. सरांनी आम्हाला आधी उन्हाच्या बाजूला बसवलं. मुखेडच्या पुढं रस्ता वळला तेव्हा ती सावलीची बाजू झाली आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा समाधान दिसलं.

गावात पोचलो तर पेव उघडून झालेलं. बसअप्पांना घाई होती. साहेब दुपारी यायचे होते. लिंबाखाली सगळं गाव पिशव्या, पोती, धोतराचे सोगे घेऊन बसलेलं. बाया गप्प होत्या. लहान मुलंही गप्प होती, आणि ते मला जास्त लागलं. पेवाच्या तोंडातून आंबूस वास येत होता. कंदील एकदा विझला होता, घोंगडी हलवून झाली होती, आता कंदील आत जळत होता. आणि एक उंच, काटक माणूस कमरेला दोर बांधत होता. तो मारोती.

सर एसटीतून उतरले ते सरळ तिथं गेले. वहिनींच्या पिशवीतून उदबत्ती काढली, पेटवली, आणि गुडघ्यावर बसून पेवाच्या तोंडाशी धरली.

जमलेल्यांपैकी अर्ध्यांनी हात जोडले. एक म्हातारी पदर सावरून पुढं आली आणि तिनं पेवाला नमस्कार केला. सर धूर बघत होते. धूर तोंडावरून आडवा सरकत होता, आत जायचं नाव घेत नव्हता.

“हवा फिरून न्हाई राहिली,” सर म्हणाले. “मारोती, आज नको.”

“वीरू, मी काय आज पैल्यांदा उतरून राहिलो का?” मारोती सरांना म्हणाला. “दिवा जळून राहिला की.”

“दिवा ज्वारीच्या वर जळतो. तू ज्वारीत खड्डा करून खाली बसनार.”

तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेब तरुण होते, सौजन्यानं वागत होते. अडचण काय ते त्यांनी विचारलं आणि सरांनी सांगितलं. उभ्या उन्हात, सगळ्या गावाला, वर्गात सांगावं तसं. आता बाहेरची हवा गरम आहे म्हणून हलकी. आतली गार आहे म्हणून जड. हलकी हवा जडीवर झाकण घालून बसली आहे. घोंगडीनं वरची हलते, खालची तशीच राहते. रात्री बाहेर थंडी पडली की उलटं होईल; बाहेरची हवा जड होऊन आत उतरेल, आतली वर निघून जाईल. उद्या दिवस उगवताना उतरायचं. मी त्यांचं इतकं सोपं व्याख्यान कधी ऐकलं नव्हतं. गावानं शांतपणे ऐकून घेतलं.

मग मागून एकानं विचारलं, “म्हंजी मुहूर्त उद्याचा हाय का?”

“मुहूर्त न्हाई,” सर म्हणाले.

“मुहूर्त न्हाई तर मग उद्या कामून?”

साहेबांनी घड्याळ बघितलं. बसअप्पांनी सरांना बाजूला ओढलं. मी वहिनींच्या शेजारी उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. “वीरू, माझ्या तोंडाला काळं लावू नको. मी गावाला आज म्हनून सांगितलं. तुला उद्याच पायजे ना? मग मुहूर्त हाय म्हन. लोक थांबतील. तुजं बी होईल, माजं बी.”

“न्हाई अण्णा.”

“का न्हाई? एक शब्द तर हाय.”

“आज उद्याचा मुहूर्त म्हनलं, तर पुढच्या साली कुनीतरी दुपारचा काढील.”

बसअप्पा चिडले. “मारोती, उतर बाबा. ह्याचं पुस्तकातलं हाय. तुज्या बापाच्या टायमाला घाई झालती. आज नीट वारा घातलाय.”

मारोतीनं सरांकडे बघितलं. मग लिंबाखालच्या माणसांकडे. त्यात त्याची बायकोही पोतं घेऊन बसलेली होती. तो म्हणाला, “सोडा दोर.”

सर त्याच्याजवळ गेले. मला वाटलं, हाताला धरून थांबवतील. त्यांनी त्याच्या कमरेची गाठ सोडली, त्यांना ती सोडायला बराच वेळ लागला, आणि दोर स्वतःच्या कमरेला बांधला. गाठ चुकीची होती, ती मारोतीनंच नीट केली. मग सरांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, चपला काढून शेजारी शेजारी ठेवल्या आणि पेवाच्या तोंडात पाय सोडून बसले.

“आधी मी जातो,” ते म्हणाले. “पेव ठीक असलं तर मारोतीला बोलावतो.”

वहिनींनी माझा दंड धरला होता, त्याचे वळ मी मुखेडला गेल्यावर आईनं बघितले. मी खरंच सांगते, मला तेव्हा सरांचा राग आला होता. कुणालाही असं उभं करून ठेवू नये.

दोराचं दुसरं टोक बसअप्पांच्या हातात होतं. सर थोडे पुढं सरकले आणि बसअप्पांनी दोर दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला. सर जागचे हलेनात.

“अण्णा, सोडा.”

“न्हाई,” बसअप्पा म्हणाले. “वर ये. वर ये म्हनतो ना. उद्या उतरू.”

म्हणजे मारोती उतरत होता तोवर पेव ठीक होतं. धाकटा भाऊ उतरायला निघाला तेव्हा ते धोक्याचं झालं. हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. मारोती पेवाकडे पाठ करून लिंबाकडे बघत उभा राहिला. बसअप्पांना बहुधा सगळ्यांच्या शेवटी कळलं. ते दोर हातात घेऊन तसेच खाली बसले, आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, “मारोती, जेवायला घरी चल.” मारोती म्हणाला, “उद्या. पेव झाल्यावर.”

साहेबांनी उघड्या पेवाचा फोटो काढला आणि ते लातूरला परत गेले.

बसअप्पांनी घरातली होती नव्हती ती ज्वारी त्या रात्रीपुरती गावात वाटली. रात्री कडाक्याची थंडी पडली आणि सर तिच्यावर फार खूश होते. पहाटे आम्ही सगळे पुन्हा पेवाशी. सरांनी उदबत्ती धरली. या वेळी धूर तोंडाशी घुटमळला नाही. एका कडेनं सरळ आत उतरला, आणि आम्ही बघत असतानाच दुसऱ्या कडेनं, आंबूस वासासकट, वर येऊ लागला. तीच पेटी, तसाच फिरणारा धूर. प्रयोगशाळेत मला तो नुसता छान वाटला होता. आता मी वहिनींचा हात धरून बघत होते.

“आता उतर,” सर म्हणाले. “पन बोलत राहा. आवाज थांबला की वर ओढीन.”

“काय बोलू?”

“काय बी बोल. पाढे म्हन.”

मारोती उतरला आणि खालून बे एके बे सुरू झालं. गार, घुमणारा आवाज, मध्ये ज्वारीची पाटी भरल्याचा खरखराट. दोर बसअप्पांच्या हातात आणि त्यांच्यामागं सरांच्या. सकाळभर गावानं पाढे ऐकले. तेराच्या पाढ्यात मारोती चुकला आणि वरून सरांनी दुरुस्त केलं. चौदाच्या पाढ्यात पुन्हा चुकला, पुन्हा दुरुस्ती. मग खालून हसण्याचा आवाज आला. “वीरू, तू अजून ऐकून राहिलास व्हय,” मारोती म्हणाला. चौथीतही तो मुद्दाम चुकायचा, असं सरांनी नंतर सांगितलं. ज्वारी वर येत होती, वास मारत होती, आणि बाया ती उन्हात पसरत होत्या. मारोती शेवटी वर आला तेव्हा भुरक्या धुळीनं ओळखू येत नव्हता. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, हाताची मागची बाजू, आणि तो तसाच राहू दिला. थर्मामीटरांचं गाठोडं माझ्याजवळच राहून गेलं. ते मी नांदेडला परत आणून दिलं तेव्हा आपण ते विसरलो होतो हे सरांच्या लक्षात आलं. प्रबंधाचा शेवटचा भाग त्याशिवायच पुरा झाला.

तोंडी परीक्षेला मोठ्या शहरातून परीक्षक आले. त्यांनी विचारलं, या संशोधनाचा व्यवहारात उपयोग काय? सरांनी विचार केला आणि सांगितलं, “पेव दुपारी उघडू नये.” परीक्षकांना पेव माहीत नव्हतं. सरांनी ते समजावलं, त्याला संशोधनापेक्षा जास्त वेळ लागला. पदवी मिळाली.

गावानं मात्र त्यातून आपल्याला हवं तेच घेतलं. संध्याकाळी पेव उघडायचं, रात्रभर उघडं ठेवायचं, पहाटे तोंडाशी उदबत्ती धरायची. धूर एका अंगानं आत जाऊन दुसऱ्या अंगानं बाहेर आला की मग उतरायचं. आसपासच्या गावांतही हे पसरलं. लोक त्याला ‘मास्तरांचा मुहूर्त’ म्हणायचे. नारळ फोडायचे. सरांना याचं फार वाईट वाटे. एकदा स्टाफरूममध्ये मला म्हणाले, “बाई, ज्याला नको म्हनलो तेच झालं.” मी म्हटलं, “पण सर, धूर बघतात ना?” ते म्हणाले, “बगतात.” मग म्हणाले, “नीट बगतात.” आणि खुर्ची उचलून खिडकीपासून दूर घेऊन गेले.

निवृत्तीनंतर सर उदगीरला गेले. पेवं एकेक करून बुजली; लोक पत्र्याच्या कोठ्या घेऊ लागले. बसअप्पा गेले, वहिनी गेल्या. मी कधीमधी मुखेडला गेले की पुढं जाऊन यायची. सर बसलेले असायचे, दोन भिंतींच्या मधोमध कुठंतरी, आणि बहुतेक वेळा समोर मारोती. दोघं फारसं बोलत नसत. मारोतीला मोतीबिंदू झाला होता, सरांना ऐकू कमी येत होतं, आणि चहा दोघंही गार करून पीत.

सर गेल्याचं मला कळलं त्या दिवशी मी मिळेल त्या एसटीनं निघाले. लिंगायतांत देह जाळत नाहीत, बसलेल्या स्थितीत समाधी देतात. गावाबाहेरच्या त्यांच्या शेतात खड्डा तयार होता. सरांना पालखीत बसवून आणलेलं, कपाळभर भस्म, मान जराशी कललेली, वर्गात एखाद्या पोराचं उत्तर ऐकताना असायची तशी. दुपार कलली होती. बसअप्पांचा मुलगा आणि आणखी एक जण खाली उतरून सरांना बसवणार होते. पुतण्यानं सदरा काढला आणि खड्ड्याच्या काठावर हात टेकले.

“थांबा,” कुणीतरी म्हणालं.

मारोती काठी टेकत पुढं आला. मंत्र म्हणणाऱ्या स्वामींच्या पुढ्यातल्या उदबत्त्यांमधली एक त्यानं उचलली, अवघडत गुडघ्यांवर बसला आणि ती खड्ड्याच्या तोंडाशी धरली.

पुतण्या हळूच म्हणाला, “मारोतीकाका, हा उघडा खड्डा हाय. पेव न्हाई हे.”

“ठाऊक हाय मला,” मारोती म्हणाला. “थांबा. फिरू द्या.”

स्वामींनी मंत्र थांबवले. सगळे थांबले. खड्ड्याच्या एका भिंतीवर ऊन होतं, दुसरीवर सावली. धूर थोडा वेळ जागच्या जागी उभा राहिला, मग सावलीच्या भिंतीनं खाली उतरला. मारोतीला तो नीट दिसत नसणार. त्यानं मान न वळवता मला विचारलं, “बाई, वर आला का?”

मी बघत राहिले. उन्हाच्या भिंतीनं धूर वर येत होता. मला रडू आवरेना, तरी मी “आला” म्हणाले.

मारोतीनं उदबत्ती काठावरच्या मातीत खोचली आणि बाजूला झाला.

“आता ठीक हाय,” तो म्हणाला. “उतरवा वीरूला.”